छाटल्यावर झाड काय करतं?

झुडूप अस्ताव्यस्त वाढलं की आपण कात्री घेतो आणि वरून, बाजूने, सगळीकडून सारखं भादरून टाकतो. काही आठवडे ते आटोपशीर दिसतं. मग कापलेल्या प्रत्येक टोकाखालून दोन-दोन, तीन-तीन धुमारे निघतात आणि झुडूप पूर्वीपेक्षा दाट होऊन बसतं. बाहेरून हिरवंगार, आत नुसत्या वाळक्या काटक्या. एवढं छाटूनही झाड आटोक्यात येत नाही, अशी तक्रार मग सुरू होते. पण झाडाने त्याच्या नियमाप्रमाणेच केलेलं असतं. कुठे कापलं की कुठून फूट येणार, हे बऱ्याच अंशी ठरलेलं आहे. ते कळलं की कात्री लावण्याआधीच पुढच्या हंगामातलं झाड डोळ्यांसमोर उभं करता येतं. माझ्या मते छाटणी शिकायची ती इथून. हत्यारं आणि हातसफाई नंतर येते.

पहिली गोष्ट जमिनीखालची. फांद्या कापल्या तरी मुळं तेवढीच राहतात. खोडात आणि मुळांत साठवलेला स्टार्चही बराचसा शिल्लक असतो. तो वाटून घ्यायला आता डोळे, म्हणजे नव्या फांद्या जिथून फुटतात ते बारीक कोंब, मात्र थोडे उरलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला पाणी, नत्र आणि साखर जास्त येते. म्हणून छाटणी जितकी कडक, तितकी नवी फूट जोरकस. त्याच वेळी पानं गेल्यामुळे झाडाचं एकूण अन्न तयार करणं घटतं आणि मुळांची वाढही मागे पडते. एकेक फूट जोमदार, पण अख्खं झाड आधीपेक्षा लहान, असं दोन्ही एकदम घडतं. गुलाबाची मरतुकडी काडी कडक छाटावी आणि तगडी काडी हलकी, हा बागकामातला जुना नियम यातूनच येतो. सहजबुद्धीला तो उलटा वाटतो, म्हणून बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आता जास्वंदीची एक फांदी जवळून पाहा. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो, त्या बेचक्यात मोहरीएवढा किंवा त्याहून बारीक उंचवटा दिसेल. हा डोळा. पान गळून गेलेलं असेल तर तिथे पानाचा व्रण राहतो आणि डोळा त्याच्या लगेच वर असतो. त्या इवल्याशा उंचवट्यात पुढची अख्खी फांदी सूक्ष्म रूपात तयार असते. फांदीवर असे कितीतरी डोळे असतात, तरी शेंडा शाबूत आहे तोवर त्यातले बरेचसे झोपून राहतात. शेंडा खुडला की वरचे दोन-तीन जागे होतात.

असं का होतं, याचा शोध बराच लांबला. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या कोवळ्या कोंबांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वाकत नव्हता. वाकतो तो खालचा भाग, पण उजेड जाणवतो तो टोकाला. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात होता. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२० च्या दशकात हा निरोप टोकातून अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, तुकड्यात उतरवून दाखवला. हेच ऑक्सिन, वनस्पतीचं वाढीचं संप्रेरक. पुढे १९३३ मध्ये केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापला आणि त्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नसतानाही बाजूचे डोळे झोपूनच राहिले.

गोष्ट इथे संपली असं बरीच वर्षं वाटलं, पण त्यात एक अडचण होती. शेंड्यातून निघालेलं ऑक्सिन खोडातून खाली उतरतं. ते डोळ्यात शिरून त्याला दाबत नाही. मग डोळ्याला कळतं कसं? मधले दुवे हळूहळू सापडत गेले. मुळांत आणि खोडात तयार होणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक डोळ्यांना जागं करतं आणि ऑक्सिन त्याला आवर घालतं. २००८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की स्ट्रायगोलॅक्टोन हे संप्रेरक फुटव्यांना रोखतं. टारफुला या परोपजीवी तणाचं बी याच द्रव्याच्या चाहुलीने उगवतं, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. फुटव्यांशी त्याचा असा संबंध निघेल, हे मात्र तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

मला सगळ्यात आवडतो तो २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगातून पुढे आलेला मुद्दा. ऑक्सिन खोडातून ताशी जेमतेम सेंटिमीटरभर सरकतं. पण शेंडा कापल्यावर बरंच खाली असलेले डोळे त्या हिशेबाच्या कितीतरी आधी हलायला लागतात. एवढ्या झटपट खाली पोचते ती साखर. वाढता शेंडा साखरेचा सर्वात मोठा गिऱ्हाईक असतो. तो गेला की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि तीच त्यांना जागं करते. ऑक्सिनचं काम त्यानंतरचं: जाग्या झालेल्यांपैकी कोण पुढे वाढत राहील, हे ठरवण्यात त्याचा हात असतो.

बागेत याचा अर्थ सरळ आहे. फांदी मध्येच तोडली तर कापाच्या लगेच खालचे डोळे फुटतात आणि तिथे दाटी होते. तीच फांदी बुडापासून, म्हणजे ती जिथून निघाली त्या सांध्याशी काढली, तर शेजारी फुटव्यांचा झुबका येत नाही. उजेड आणि वारा आत शिरतो, झुडपाचा आकारही नैसर्गिक राहतो. कुंपणाची भिंत हवी असेल तर पहिली पद्धत, मोकळं झुडूप हवं असेल तर दुसरी. अस्ताव्यस्त वाढलेल्या जुन्या झुडपातल्या सर्वात जाड, म्हाताऱ्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश दर वर्षी जमिनीलगत काढाव्यात. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि मधल्या काळात उघडंबोडकंही पडत नाही.

मध्येच कापायचंच असेल तर डोळ्याच्या दिशेकडे लक्ष द्या. वरचा डोळा ज्या बाजूला तोंड करून असेल, त्याच बाजूला नवी फांदी जाते. म्हणून बाहेर तोंड असलेला डोळा निवडावा आणि त्याच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर, पाणी डोळ्यापासून पलीकडे ओघळेल असा तिरका काप घ्यावा. फार वर कापलं तर उरलेला खुंट वाळतो, आणि डोळ्याला खेटून कापलं तर डोळाच सुकतो.

शेंड्याचा वरचष्मा न कापताही मोडता येतो. उभी फांदी वाकवून आडवी बांधली की तिच्या वरच्या अंगाचे डोळे रांगेने फुटतात. वेली गुलाब भिंतीवर सरळ चढवला तर फुलं फक्त टोकाशी येतात. तोच आडवा पसरला तर फांदीच्या लांबीभर येतात. कात्रीआधी सुतळी वापरून पाहावी, असं मी आवर्जून म्हणेन.

छाटल्यावर फुलंच आली नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा मुहूर्त चुकल्याचं असतं. जास्वंद, बोगनवेल, मोगरा आणि पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब नव्या फुटीवर फुलतात. त्यांना जोमदार वाढ सुरू होण्याआधी छाटलं की फुलं वाढतात. अझेलिया, लायलॅक आणि हायड्रेंजियाच्या अनेक जाती मात्र गेल्या हंगामातल्या लाकडावर आधीच कळ्या धरून बसलेल्या असतात. बहराच्या तोंडावर त्यांना छाटणं म्हणजे तयार फुलं कापून फेकणं. त्यांना बहर ओसरला की लगेच छाटावं. झाडाचं नाव ठाऊक नसेल तर एक हंगाम कात्री बाजूला ठेवून फुलं नव्या हिरव्या काडीवर येतात की जुन्या तपकिरी, एवढं बघावं.

मोठ्या फांद्यांचा मामला वेगळा आहे, कारण तिथे चूक वर्षानुवर्षं झाडाच्या पोटात राहते. आपल्या कातडीला जखम झाली की जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. लाकडात तसं होत नाही. अमेरिकी वनसेवेतले अॅलेक्स शिगो यांनी यंत्रकरवतीने हजारो झाडं उभी चिरून जखमांचं पुढे काय होतं ते पाहिलं आणि १९७७ मध्ये त्याची मांडणी केली. जखमेतून बुरशी शिरते. झाड तिला मारत नाही, कोंडून टाकतं. जहाजाच्या तळाला भोक पडल्यावर एकच कप्पा भरावा, बाकीचे कोरडे राहावेत, तशी ही योजना असते. लाकडातल्या उभ्या नळ्या डिंकासारख्या द्रव्यांनी बुजवल्या जातात. वाढीची वलयं आणि आडवे किरण, म्हणजे खोडाच्या आतून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, बाकीच्या दोन बाजू अडवतात. चौथी भिंत सर्वात पक्की: जखमेनंतर सालीखालचा वाढता थर एक नवा अडसर तयार करतो आणि त्यापुढचं सगळं लाकूड निरोगी राहू शकतं. आतलं कुजणं तसंच राहतं, झाड त्याच्याभोवती वाढत जातं.

ही कोंडी सर्वात सोपी कुठे होते? फांदीच्या बुडाशी. मोठ्या झाडाखाली उभं राहून वर पाहा. फांदी खोडाला मिळते तिथे खालच्या अंगाला हलका फुगवटा असतो आणि वरच्या बेचक्यात सालीची खडबडीत, काळपट घडी. या फुगवट्यात खोडाचं आणि फांदीचं लाकूड एकमेकांत गुंफलेलं असतं आणि संरक्षणाची तयारीही तिथेच असते. काप या घडीच्या आणि फुगवट्याच्या जरा बाहेर घ्यावा. फुगवटाच कापून खोडाशी सपाट केलं तर खोडालाच जखम होते. खुंट सोडला तर तो कुजतो आणि जखम मिटायला आड येतो. काप बरोबर बसला का, हे झाडच पुढे सांगतं. जखमेभोवती सगळीकडून नव्या वाढीची सारखी गोल कडी वर आली तर काप नेमका होता. कडी फक्त दोन बाजूंना उठली, वर-खाली नाही, तर तो फार आत गेला होता.

जड फांदी एकाच कापात तोडू नये. ती अर्धवट कापताच वजनाने कोसळते आणि खालची साल खोडापर्यंत ओरबाडत नेते. बुडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आधी खालून थोडा काप द्यावा, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवावं. उरलेला खुंट शेवटी फुगवट्याशी सावकाश काढावा. घाई इथेच महाग पडते.

कापलेल्या जागेला रंग किंवा डांबर फासण्याची सवय मात्र सोडावी. त्याने कुजणं थांबत नाही. थराखाली ओलावा अडकून बुरशीचीच सोय होते. ओक वृक्षांचा मर रोग पसरलेला असतो तिथे ताज्या जखमेवर येणारे कीटक दूर ठेवायला रंग लावतात, तसे काही अपवाद आहेत. एरवी स्वच्छ, धारदार काप पुरेसा. रोगट फांदी कापल्यावर पुढच्या झाडाला हात लावण्याआधी कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसावी.

एका वेळी किती कापायचं? हिरव्या पर्णभाराच्या पाव भागापेक्षा जास्त नको, आणि जुन्या झाडाचा त्याहूनही कमी. कोवळी पालवी उलगडत असताना झाडाची साठवण खर्ची पडलेली असते, तेव्हा हात आवरावा. वाळलेली, मोडलेली, एकमेकींवर घासणारी फांदी मात्र केव्हाही काढता येते. नव्याने लावलेल्या रोपाची मुळं तुटली म्हणून वरचे शेंडेही कापावेत, असा सल्ला अजून दिला जातो. तो चुकीचा आहे. मुळं नव्याने फुटायला पानांतली साखर आणि शेंड्यातलं ऑक्सिन दोन्ही लागतात.

नारळ, सुपारी, खजूर या कुळाला यातलं काहीच लागू होत नाही. त्यांचा वाढता कोंब बहुधा खोडाला एकच. तो कापला की ते खोड मेलं. त्यांच्या खोडावरची जखम कधी मिटतही नाही. पाइनसारख्या बहुतेक सूचिपर्णी झाडांच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे नसतात, त्यामुळे तिथे कापलं की फांदी बोडकीच राहते.

आणि ज्याचा शेंडा आधीच कोणीतरी सरसकट उडवला आहे, असं मोठं झाड पदरी आलं तर? कापांभोवती सरळ उभ्या वाढलेल्या फुटव्यांचं, म्हणजे पाणसोटांचं, रान माजलेलं असेल. ते सालीजवळच्या डोळ्यांतून निघालेले असल्याने मूळ फांदीसारखे खोलवर रुजलेले नसतात आणि वजन वाढलं की वाऱ्यात उखडतात. सगळे एकदम काढले तर तितकेच पुन्हा येतात. म्हणून प्रत्येक कापाजवळचा एक-दोन सुस्थितीतला, योग्य दिशेचा पाणसोट ठेवावा, बाकीच्यांतले काही या वर्षी आणि काही पुढच्या वर्षी बुडापासून काढावेत. राखलेला फार लांबला तर त्याच्याच एखाद्या उपफांदीपाशी आखूड करावा. ती उपफांदी निदान त्याच्या एक तृतीयांश जाडीची हवी, नाहीतर तिथे पुन्हा झुबका येतो. झाड उंच असेल किंवा कुजलेला भाग मोठा असेल तर हे काम दोर आणि शिडी जाणणाऱ्या माणसाकडेच द्यावं, आणि काम सुरू होण्याआधी त्याला त्या बेचक्यातल्या घडीवर बोट ठेवून काप कुठे घेणार ते विचारावं.