अपास्ताचे अध्यापन (ग्रामीण विदर्भ)

अपास्त म्हणजे दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांतला फरक कायम राखणाऱ्या बिंदूचा मार्ग. ते दोन बिंदू या वक्राच्या नाभी. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञानात तो शंकुच्छेदांसोबत (शंकू सपाट कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांसोबत) येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या खेड्यातल्या मुलांच्या हाती तेव्हा इंग्रजी पुस्तक पडते आणि ‘हायपरबोला’ हे नाव व त्याचे समीकरण दोन्ही एकदम अंगावर येतात. म्हणून समीकरणाआधी तो फरक डोळ्यांना दिसायला हवा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात त्यासाठी मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहेत. संथ पाण्यात एक खडा टाकावा. त्याचे वलय पोचण्याआधीच थोड्या अंतरावर दुसरा टाकावा. वलये सारख्याच वेगाने पसरतात, पण पहिले कायम तेवढेच मोठे राहते. ती एकमेकांना छेदतात ते बिंदू सरकत जातात आणि अपास्ताची एक शाखा (त्याच्या दोन सुट्या भागांपैकी एक) आखतात. दोन्ही खडे एकाच क्षणी पडले तर फरक शून्य, आणि मिळते सरळ रेषा. हेही मुलांना करू द्यावे.

तलाव नसेल तिथे वावर आहेच. धुऱ्याच्या दोन टोकांना, ६८० मीटर अंतरावर, दोघे उभे आहेत असे समजू. कुठेतरी फटाका वाजला आणि एकाला तो दुसऱ्यापेक्षा १ सेकंद उशिरा ऐकू आला. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे अंतरांतला फरक ३४० मीटर. हा फरक २अ आणि नाभींमधले अंतर २क मानले, धुऱ्याचा मध्य आरंभबिंदू आणि धुरा क्ष-अक्ष धरला, तर अ = १७०, क = ३४०, आणि ब² = क² − अ² = ८६,७००. मग

क्ष²/२८,९०० − य²/८६,७०० = १

हे समीकरण मुलांना आपल्या शिवाराचे वाटते. फटाका कोणत्या शाखेवर वाजला, ते आधी कोणाला ऐकू आला त्यावरून ठरते.

चुका ठरावीक असतात. लंबवर्तुळाच्या सवयीने मुले अ हा ब पेक्षा मोठाच धरतात. इथे ते बंधन नाही, ऋण चिन्ह कोणत्या पदाला आहे तेवढेच पाहायचे. दुसरी चूक आकृतीत, पाठीला पाठ लावलेले दोन अन्वस्त (पॅराबोला) काढण्याची. २अ × २ब चा आयत काढून त्याचे कर्ण वाढवले की अनंतस्पर्शी रेषा (वक्र ज्यांच्या जवळ जवळ जातो, पण ज्यांना कधी शिवत नाही) मिळतात. त्या आधी आखून घेतल्या की हात चुकत नाही.

खरे तर आठवीच्या व्यस्त चलनातच अपास्त भेटलेला असतो. कपाशीच्या निंदणाला ४ मजुरांना ६ दिवस, ८ मजुरांना ३ दिवस, १२ मजुरांना २ दिवस: हे बिंदू क्ष × य = २४ वर पडतात. अक्ष ४५ अंशांतून फिरवले की तेच समीकरण क्ष² − य² = ४८ होते.