वागणुकीची साक्ष: मराठवाड्यातील ख्रिस्ती आचरणामागचा इतिहास

वैजापूर, गंगापूर किंवा जालना तालुक्यातल्या गावात ख्रिस्ती घर बाहेरून ओळखू येईलच असे नाही. आत भिंतीवर क्रूस असेल, नाहीतर मतमाउलीची म्हणजे येशूची आई मारियेची तसबीर. बाकी ज्वारीची भाकरी तीच, कापसाच्या भावाची चिंता तीच, लग्नातली हळदसुद्धा बहुतेक ठिकाणी तीच. आडनावे जाधव, गायकवाड, साळवे. मग वेगळेपण कशात, असे एखाद्या प्रोटेस्टंट पाळकाला किंवा कॅथलिक फादरांना विचारले, तर ते सिद्धांत सांगत बसत नाहीत, वागणुकीवर येतात. वागण्यातून साक्ष द्यायची, हे वाक्य इथल्या प्रोटेस्टंट उपासनेत आणि कॅथलिकांच्या मिस्सा या प्रार्थनाविधीत इतक्यांदा ऐकू येते की ऐकणाऱ्याचे त्याकडे लक्षही जात नाही. वागणुकीवर एवढा भर का, याचे उत्तर बायबलमध्ये आहेच. पण मराठवाड्यातल्या बलुत्यात, दुष्काळात आणि दवाखान्यांत ते जास्त सापडते.

मूळ पाठ सर्वांचा एकच आहे. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आत्म्याचे फळ सांगतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. याकोब आपल्या पत्रात त्याहून रोखठोक आहे. कृतीवाचून विश्वास मेलेला, असे तो म्हणतो आणि उदाहरणही पोटापाण्याचे देतो: उघड्या-उपाशी भावाला नुसते ‘सुखी राहा’ म्हणून काय उपयोग? पुढे युरोपात धार्मिकता बरीचशी मठांत जाऊन बसली. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारणेच्या ल्यूथरने चांभाराचे आणि दाईचे कामही देवाने दिलेलेच मानले. कॅथलिक बाजूने जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस दि सेल्स यांनी 1609 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात गृहस्थ, कारागीर, नोकर, विधवा आणि विवाहिता यांनी आपापल्या जागी राहून भक्ती कशी करावी, हे सांगितले. बिशपाची भक्ती कारागिराने करू नये, असेही त्यांनी बजावले. याच फ्रान्सिसच्या नावाने 1838 मध्ये फ्रान्सच्या आनसी गावी एक मिशनरी संघ निघाला आणि त्याचे लोक पुढे गोदाकाठच्या खेड्यांत आले, म्हणून हे जुने पुस्तक इथे आठवायचे.

मराठवाड्याला हा विचार नवा नव्हता. तेरचे गोरोबा चिखल तुडवताना आणि गंगाखेडची जनाबाई दळताना नाम घेत होती. पैठणला एकनाथांनी वाळवंटात भाजणारे अस्पृश्याचे पोर उचलून कडेवर घेतल्याची कथा आजही मुलांना सांगतात. गोव्याकडे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले ते एकनाथांच्या पुढच्याच पिढीत. ख्रिस्ताची गोष्ट मराठीत पहिल्यांदा आली ती ओवीतून आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष मराठवाड्यात मात्र ख्रिस्ती धर्म आला छावण्यांच्या मागून. मुलूख निजामाचा, पण जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई इथे इंग्रजांच्या किंवा हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी होत्या. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थनेची सोय झाली. तिच्याशी गावकुसाबाहेरच्या माणसाचा काही संबंध नव्हता. तो संबंध जोडला तो एतद्देशीय माणसांनी. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम मूळचे पारशी असलेले रतनजी नौरोजी यांनी कित्येक वर्षे वाहिले. जालन्यात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री आले.

शेषाद्रींची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. ते ब्राह्मण घरातले, मुंबईच्या मिशन शाळेत शिकलेले. 1843 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहत होता, पण तो अल्पवयीन होता. त्याच्यावरून खटला झाला, न्यायालयाने मुलाला वडिलांकडे दिले, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले ते याच प्रकरणात. असा गाजलेला माणूस 1860 च्या दशकात जालन्याला येतो आणि काम करतो ते प्रामुख्याने मांग आणि महार वस्त्यांत. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या परिषदेत तो पागोटे घालून भाषण करतो आणि परत जालन्याच्या धुळीत येतो. मराठी समाजसुधारकांच्या याद्यांत हे नाव सहसा दिसत नाही. धर्म बदललेल्या माणसाला आपण आपल्या इतिहासातूनही वजा करतो, असे माझे मत आहे.

निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. देऊळ म्हणजे चर्च, शाळा, विहिरी, शेती आणि हातकाम असा तो बेत होता. स्वतंत्र गाव कशाला? कारण बाप्तिस्म्यानंतर जुन्या गावात राहणे अवघड होते.

ही अडचण नीट समजून घेतली तर पुढचे सगळे उलगडते. गावगाड्यात महाराचे काम येसकरीचे, निरोप पोचवण्याचे, मेलेले ढोर ओढण्याचे. मांगाचे काम दोर वळण्याचे आणि हलगी वाजवण्याचे. बदल्यात खळ्यावर बलुते. मिशनची शिकवण सांगे: मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, दुसरी बायको करू नका, रविवारी काम नको, देवीपुढे वाजवू नका. ऐकायला सोपे. पण हलगी वाजवली नाही तर खळ्यावरचे धान्य बंद. ढोर ओढायला नकार दिला तर पाटील पाणवठ्याची वाट अडवणार. म्हणजे ‘सद्गुण’ इथे थेट उपासमारीच्या शेजारी जाऊन बसला. ज्यांनी नियम पाळले त्यांनी फार मोठी किंमत मोजली. ज्यांनी रविवारी उपासना आणि चैत्रात हलगी असे दोन्ही सांभाळले त्यांना मिशनरी आपल्या अहवालांत दुबळ्या विश्वासाचे म्हणत. मला ते दुबळे वाटत नाहीत. घरात चार पोरे असताना काढलेली ती वाट होती.

त्यात विक्रम संवत 1956 चा, म्हणजे छपन्नचा दुष्काळ आला. 1899-1900 च्या त्या दुष्काळाच्या आधी 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ होऊन गेलेला होता. मिशनच्या दारात धान्य, काम आणि अनाथ मुलांसाठी छप्पर मिळे. बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा कायमचा चिकटला. भुकेने माणूस दार ठोठावतो यात लाज कसली, हा प्रश्न टोमणा मारणाऱ्यांनी स्वतःला विचारला नाही. पण त्या टोमण्याने एक गोष्ट केली. पुढच्या दोन-तीन पिढ्यांना आपला विश्वास खरा आहे हे रोज सिद्ध करावे लागले, आणि सिद्ध करायचे साधन हाताशी एकच होते, वागणूक. उधारी वेळेवर फेडा, शिवी देऊ नका, मुलीला शाळेत घाला, बायकोवर हात उचलू नका. पाळक हे सांगत. बायबलबाया म्हणजे बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया घरोघर जाऊन हेच सांगत आणि जाता जाता एखाद्या सुनेला अक्षर ओळखायला शिकवत. सगळ्यांनी सगळे पाळले असे नाही. दारूबंदी तर व्यासपीठावरच जास्त टिकली.

कॅथलिक खेड्यांची रीत थोडी निराळी होती. आनसीच्या त्या संघाचे मिशनरी 1840 च्या दशकात भारतात आले आणि नागपूरच्या बाजूने पुढे मराठवाड्याकडे सरकले. वैजापूर-गंगापूर पट्ट्यात घोगरगाव, बोरसर अशी ठाणी झाली. घोगरगावला फादर जाकिए यांचे नाव अजून घेतले जाते. हे फादर गावातच राहत, त्यामुळे भांडणतंटा, सावकाराचा तगादा, मोडणारे लग्न, असले सगळे त्यांच्या ओसरीवर येई. आचरणाचे नियम इथे घोकून घेण्यापेक्षा सणावारांत विणले गेले. प्रायश्चित्तकाळातला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला शुक्रवारचा उपवास इथल्या बाईला समजावून सांगावा लागला नाही. एकादशी तिला ठाऊकच होती. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत 1977 मध्ये झाला. त्याआधी हा भाग अमरावतीला जोडलेला होता. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली, आणि पवित्र जीवन ही फक्त धर्मगुरूंची नव्हे, सर्वांची वाट आहे, हे 1964 च्या धर्मसभाविषयक जाहीरनाम्याने औपचारिकरीत्या म्हटले.

भाषेची वाट मात्र कवींनी आधीच मोकळी केली होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात बसवले. त्यांचा वावर नगरकडचा, पण त्यांची भजने हार्मोनियम आणि झांजांसह मराठवाड्यातल्या मंडळ्यांत म्हणजे चर्चसमुदायांत आजही गायली जातात. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला तो मिशनच्या पगारी चौकटीबाहेर, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून. गाण्यातून येणारी शिकवण नियमांच्या यादीपेक्षा जास्त काळ टिकते. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावी मतमाउलीची यात्रा भरते. मराठवाड्यातले लोकही तिथे जातात, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेले कमी नसतात.

विसाव्या शतकात आचरणाला पगारी रूप आले. जालन्यातील मिशनचा दवाखाना, शाळा, वसतिगृहे यांतून मुली नर्स झाल्या, मुलगे मास्तर झाले. रात्री-बेरात्री बाळंतपणाला जाणारी पांढऱ्या साडीतली सिस्टर हे कित्येक गावांना भेटलेले ख्रिस्ती धर्माचे पहिले रूप. याला दुसरी बाजूही आहे. मिशन कंपाउंडात नोकरी, घर, शाळा, सगळे एका दारातून मिळू लागले, तेव्हा काहींचा धर्म साहेबाच्या मर्जीशी बांधला गेला. परदेशी पैसा आटला तशी ही मंडळी भांबावली.

1972 च्या दुष्काळाने पुन्हा परीक्षा घेतली. खडी फोडणारे हात, लाल मिलो ही आयात ज्वारी, वाटपाची सुकडी या आठवणी घरोघर आहेत. चर्चप्रणीत संस्थांनी तेव्हा विहिरी खोदण्यावर आणि कामाच्या बदल्यात धान्य देण्यावर भर दिला. बीड आणि धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. दोघेही वेल्लोरला शिकलेले, दोघेही श्रद्धावान. लोकांना आधी औषध नको, पाणी हवे होते. मग कूपनलिका घेताना त्यांनी भूजल जाणणाऱ्याला दलितवस्तीत जागा शोधायला सांगितले. पाणी तिथे लागले की वरच्या आळीतल्या बायका हंडा घेऊन तिथेच येणार. अस्पृश्यतेवर प्रवचन न करता त्यांनी हा मार्ग काढला, आणि ख्रिस्ती सद्गुण व्यवहारात कसा दिसतो याचे याहून चांगले उदाहरण मला या टापूत माहीत नाही. पुढे गावोगावच्या निरक्षर बायकांना, त्यांत सर्व जातींच्या, त्यांनी आरोग्यसेविका केले. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगरला स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे काम उभे केले. श्रमदान आणि चराईबंदी पाळणाऱ्या गावालाच त्यात जागा होती, आणि ते काम मराठवाड्यातल्या गावांतही पोचले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा देशभरातल्या चर्चसंस्थांचे मदतकार्य लातूर-उस्मानाबादेत आले.

आता कागदाची गोष्ट, कारण तिच्यावाचून आजच्या आचरणाची कोंडी कळत नाही. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आणि त्याच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. मराठवाड्यात एकाच भावकीत एक घर बौद्ध, एक ख्रिस्ती असे असते. गावातली वागणूक दोघांना सारखीच मिळते, दाखला मात्र वेगळा. म्हणून अनेक कुटुंबांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनाच धर्म राहतो आणि बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत. गलतीकरांच्या यादीतला ‘विश्वासूपणा’ रविवारी शिकवणाऱ्या पाळकाला सोमवारी हाच प्रश्न घेऊन बसलेले आईबाप भेटतात. काही मंडळ्यांत दाखल्यावरही ख्रिस्ती लिहिण्याचा आग्रह धरतात. काही पाळक विचारतात की ज्या कायद्याने ही अडचण निर्माण केली त्याचा जाब लेकराच्या शिष्यवृत्तीला का द्यायला लावायचा? धर्मांतरित दलितांना हा दर्जा द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तोवर दाखला, बाप्तिस्म्याची वही आणि रविवारचे प्रवचन यांचा मेळ ज्याने त्याने आपापल्या घरी घातला होता, आणि तो प्रत्येक घरी निराळा होता.