तसबीर, तस्वीर आणि राणीछाप रुपया

देवाची तसबीर, आजोबांची हार घातलेली तसबीर, हा शब्द आपण एवढ्या सहज वापरतो की तो मूळ अरबी 'तस्वीर' आहे हे लक्षातही येत नाही. आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो ना भो. अरबीत तस्वीर म्हणजे नुसतं चित्र नाही, आकार देणं, घडवणं. त्याच धातूतला 'मुसव्विर' म्हणजे घडवणारा, आणि हे कुराणात (59:24) अल्लाहचं नाव आहे, पण चित्रकारालाही तोच शब्द. मग जिवंत प्राण्याची आकृती काढणारा माणूस देवाचं काम हातात घेतो का, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच बसलाय. कुराणात चित्रावर थेट बंदी नाही, बंदी आहे ती मूर्तिपूजेवर. कडक वाक्यं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत आहेत, की चित्र काढणाऱ्याला कयामतच्या दिवशी सांगतील, आता यात जीव घाल. पण तिथंच पडद्याचीही गोष्ट आहे. पैगंबरांच्या घरात चित्रं असलेला पडदा टांगलेला होता, तो त्यांना खटकला, मग त्याच कापडाच्या उशा केल्या तर चालल्या. म्हणजे वर टांगून मान दिलेलं चित्र वेगळं आणि अंगाखाली घेतलेलं वेगळं. हा फरक पुढे फार कामाला आला.

पैगंबरांच्या चित्राबद्दल आज बहुतेकांना वाटतं की ती कधी काढलीच नाहीत. तसं नाही. 1300 नंतर इराणच्या तबरीझमध्ये मंगोल राजांसाठी जे इतिहासाचे ग्रंथ तयार झाले त्यात पैगंबर चेहऱ्यासकट आहेत. नंतर चेहऱ्यावर पांढरा पडदा आला, कुठं नुसती प्रकाशाची ज्योत राहिली, आणि सतराव्या शतकात तुर्कांकडे त्यांच्या रूपाचं वर्णनच सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावायची पद्धत पक्की झाली. पण ही चित्रं पुस्तकातली, दरबारापुरती होती, चौकात लावायची नव्हती. 2005 नंतर डेन्मार्कच्या वर्तमानपत्रातल्या पैगंबरांच्या व्यंगचित्रांवरून काय झालं ते सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत नाही.

राजांच्या चित्राची गोष्ट वेगळी आहे आणि लोक दोन्हीची खिचडी करतात. राजाला चेहरा दाखवायची हौस असतेच, आणि त्यासाठी नाण्याइतकी चांगली जागा नाही. उमय्या खलिफा अब्दुल मलिकने 690 च्या दशकात तलवार धरून उभ्या खलिफाचं नाणं पाडलं, आणि थोड्याच वर्षांत, हिजरी 77 ला (इ.स. 696-97), ते बंद करून नुसत्या अक्षरांचं नाणं आणलं. पुढे हजार वर्षं बहुतेक तोच रिवाज चालला.

बहुतेक म्हणतो, कारण आपल्याच खानदेशात अपवाद आहे. बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांनी जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत लेख कोरला, पण चित्र नाही. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला (आणि खानदेशाचं नाव दानियाल शहजाद्यावरून दानदेश केलं, ते काही टिकलं नाही) तेव्हा असीरच्या टांकसाळीतून सोन्याची मोहर निघाली, तिच्यावर चक्क ससाणा! पक्षी म्हणजे जीवच की. दहा वर्षांनी जहांगीरने त्याच्या पुढे जाऊन मोहरेवर स्वतःचाच चेहरा घातला, एकात तर हातात पेला घेऊन. शाहजहानने चेहरा नाण्यावरून काढला, पण कागदावर स्वतःच्या डोक्यामागे तेजोवलय काढून घेतलं. औरंगजेबाने तर नाण्यावरचा कलमाही काढला, का तर पवित्र अक्षरं कुणाच्याही हाती पडतात. म्हणजे अडचण फक्त चित्राचीच होती असंही नाही.

मग 1835 ला कंपनी सरकारने इंग्लंडच्या राजाचं तोंड रुपयावर छापलं, पाच वर्षांनी व्हिक्टोरिया आली, आणि राणीछाप रुपया प्रत्येकाच्या कनवटीला गेला. खिशात चेहरा घेऊन नमाज कशी पढायची? उत्तर पडद्यासारखंच, लहान आहे, झाकलेलं आहे, त्याला कुणी मान देत नाही, चालतं. माझ्या मते खरी तडजोड इथंच झाली, बाकी सगळं नंतरचं. गंमत म्हणजे त्याच दशकात इस्तंबूलला सुलतान दुसरा महमूद स्वतःची तस्वीर सरकारी कचेऱ्यांत आणि बराकींत लावत होता, आणि स्वतःचं चित्र असलेलं पदक त्याने काढलं त्याचं नावच 'तस्वीर-ए-हुमायून'. ते मात्र टांगलेलं, सलामी दिलेलं चित्र, म्हणून लोक चिडले. 1957 ला पाकिस्तानने शंभराच्या नोटेवर जिन्नांचा फोटो छापला तेव्हाही तिथल्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी विरोध केला, नोट काही मागे गेली नाही. आता तर सौदीच्या नोटांवरही राजे आहेत.

मधे फोटोने सगळी पंचाईत केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोच्या एका मुफ्तींनी (फतवा देणाऱ्या धर्मपंडितांनी) सांगितलं की फोटो ही तस्वीर नाहीच, माणसाने काही घडवलं नाही, आरशातली सावली फक्त धरून ठेवली. आपल्याकडच्या बऱ्याच उलेमांना हे पटलं नाही, कारण आरशासमोरून हटलं की सावली जाते, फोटो राहतो. म्हणून पासपोर्ट, हज, ओळखपत्र यासाठी मजबुरी म्हणून चालेल, हौसेसाठी नाही. 2013 मध्ये उत्तर भारतातल्या एका मोठ्या मदरशाने हेच परत सांगितलं आणि टीव्हीवाल्यांनी जणू नवीनच फतवा निघाल्यासारखा गोंधळ घातला. मोबाइल आल्यावर काहींनी अजून बारीक कीस काढला, स्क्रीनवर आहे तोवर ते नुसते प्रकाशाचे ठिपके, कागदावर छापलं की तस्वीर. मला तरी हा कीस हास्यास्पद वाटत नाही, शब्दाला धरूनच आहे.

आमच्या गावातले एक स्टुडिओवाले चाचा पासपोर्ट साइज दिवसभर काढतात, लग्नाचा अल्बमही करतात. पण फोटो मोठा करून फ्रेम करून द्या म्हटलं की समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात. त्यांच्या भिंतीवर एकच फ्रेम आहे, काबा-मदिनेची.