दमट हवा आणि गोल्फचा चेंडू : एक खुलासा

‘समुद्राकाठची दमट हवा जड असते, म्हणून अंतर दोन क्लबांच्या (चेंडू मारायच्या काठ्यांच्या) पल्ल्यांमधले आले की कोकणात नेहमी लांब पल्ल्याचाच क्लब घ्यावा,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे.

सदरा घामाने पाठीला चिकटलेला असताना तो पटतोही. परंतु पाण्याच्या वाफेचा रेणुभार 18, तर कोरड्या हवेचा सरासरी सुमारे 29 असल्यामुळे, तापमान आणि दाब सारखे असतील, तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच भरते. घाटमाथ्यावरून खाली आलेल्या खेळाडूचा चेंडू थोडा आखूड पडतो, हे खरे. पण त्याचे कारण समुद्रसपाटीवरचा जास्त दाब हे आहे. उरलेली तूट बहुधा समोरच्या खाऱ्या वाऱ्याची आणि चेंडू घरंगळू न देणाऱ्या ओल्या जमिनीची असते.

पडताळा घ्यायचा, तर वारा पडलेल्या एका दमट आणि एका कोरड्या दिवशी, तापमान जवळपास सारखे असताना, एकाच क्लबने दहा-दहा चेंडू मारून ते प्रथम टेकले तेथपर्यंतचे अंतर मोजावे.

समजा, सात नंबरच्या क्लबने चेंडू 140 यार्ड जातो, लांब पल्ल्याच्या सहा नंबरने 150, आणि खळग्यातला झेंडा 145 वर आहे. पायाशी हवा स्तब्ध वाटली, तरी माडाच्या शेंड्याकडे पाहावे. झावळ्या आपल्याकडे झुकत असतील, तर सहा नंबर, नाहीतर सात नंबरही चालेल.