लिमिटेड स्क्लेरोडर्मा: कातडीवर आखलेली रेषा

स्क्लेरोडर्मा हा कातडी आणि आतले अवयव ताठरवणारा स्वप्रतिकार आजार. त्याच्या रुग्णाच्या फाइलवर ‘लिमिटेड’ असा शेरा येतो तो 1988 साली झालेल्या एका वाटणीमुळे. कातडी दंड, मांड्या किंवा धडावर ताठरली तर डिफ्यूज. हात, कोपराखालचा भाग, पावले आणि चेहरा इथवरच थांबली तर लिमिटेड, असे तज्ज्ञांच्या एका गटाने ठरवले. त्याआधीचा इतिहास लांब असला तरी आजच्या उपचारांशी त्याचा संबंध थोडाच. 1753 मध्ये नेपल्सहून आलेले पहिले सविस्तर वर्णन, 1847 मध्ये मिळालेले नाव, थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्यावरचा (म्हणजे आजच्या भाषेत ‘रेनॉड’वरचा) 1862 चा पॅरिसमधला प्रबंध, एवढे टप्पे सांगितले की पुरे. 1964 मध्ये कातडीखालचे चुन्याचे खडे, रेनॉड, ताठरलेली बोटे आणि चेहऱ्या-हातांवरचे लाल ठिपके अशी चौकडी एकत्र मांडली गेली. पुढे तिला अन्ननलिकेच्या बिघाडाची भर पडली आणि पाचही लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्रेस्ट’ हे नाव रूढ झाले.

1988 ची वाटणी सोयीची होती. कातडी चिमटीत धरून पाहायची, रेषा कुठे पडते ते ठरवायचे. पण ती तेव्हाही सर्वांना पटली नव्हती. केवळ बोटे ताठर, बोटांच्या मुळांपलीकडे पण धडाआधीच थांबलेली, आणि धडापर्यंत असे तीन गट हवेत, असा आग्रह धरणारे होते. दोन गटांचा तोटा पहिल्या वर्षातच दिसतो. बोटे नुकतीच सुजलेली असताना कुणालाही लिमिटेड म्हणता येते. सहा-आठ महिन्यांत कातडी दंडावर चढली की शेरा बदलावा लागतो. रक्तात आरएनए पॉलिमरेज 3 अँटीबॉडी (स्वतःच्याच पेशींतल्या घटकांविरुद्ध बनणारे प्रथिन) असलेल्यांत असे विशेषतः घडते आणि मूत्रपिंडाचा धोकाही त्यांनाच अधिक. त्यामुळे पहिल्या वर्षात ‘लिमिटेड’ हे तात्पुरते निदान समजावे.

दुसरा घोळ फुफ्फुसांचा. कातडी लिमिटेड, पण टोपोआयसोमरेज अँटीबॉडी पॉझिटिव्ह, अशा रुग्णाला फुफ्फुसाच्या जाळीदार आजाराचा धोका डिफ्यूजइतकाच धरावा लागतो. सेंट्रोमियर अँटीबॉडी असेल तर हा धोका कमी, मात्र फुफ्फुसाच्या धमनीतला दाब वाढण्याचा धोका राहतो, तोही रेनॉड सुरू होऊन दहा-पंधरा वर्षे उलटल्यावर. कातडी तोवर वर्षानुवर्षे जैसे थे असते. ‘लिमिटेड’ म्हणजे सौम्य अशी समजूत नेमकी इथे नडते. शेऱ्यापेक्षा अँटीबॉडीचा रिपोर्ट जास्त बोलतो, हे आता बहुतेकांना मान्य आहे. तरीही फाइलवर रेषा कायम आहे.

2013 च्या गुणांच्या पद्धतीने लिमिटेडचे बरेच रुग्ण निदानाच्या कक्षेत आले. 9 गुण झाले की निदान पक्के. दोन्ही हातांची कातडी बोटांच्या मुळांपलीकडे जाड झाली असेल तर तेवढ्यानेच 9 होतात. एरवी बेरीज करायची: रेनॉड 3, अँटीबॉडी 3, नखाच्या मुळाशी बिघडलेल्या केशवाहिन्या 2. हे झाले 8. वर लाल ठिपके किंवा सुजलेली बोटे असली की आणखी 2. आठवर अडकलेल्या रुग्णाला घरी पाठवून विसरणे ही नेहमीची चूक. त्याला दरवर्षी पुन्हा तपासायचे असते.

आयुर्वेदाची वाटही कातडीवरूनच गेली. संहितांत या आजाराला स्वतंत्र नाव नाही, म्हणून जुळवाजुळव झाली. हत्तीच्या कातड्यासारखी जाड त्वचा हे लक्षण पाहून कुणी चर्मकुष्ठ म्हटले, कुणी त्वग्गत वात (त्वचेत शिरलेला वात), तर कुणी वातरक्त (वात आणि रक्त दोन्ही बिघडल्याचा आजार). यांत वातरक्त सर्वांत सयुक्तिक, कारण तिथे विचार रक्तवह मार्गातल्या अडथळ्याचा आहे आणि उत्तान (वरवरचा) आणि गंभीर (खोलवरचा) या भेदामुळे आजार आत उतरतो हेही त्यात येते. पण निदानासोबत वातरक्ताची सगळी चिकित्साही उचलली गेली, जळवांसह. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या 29 व्या अध्यायात रक्तमोक्षण (रक्त काढणे) सांगितले आहे, तसेच अंग रुक्ष, म्लान आणि वात प्रबळ असेल तर रक्त काढू नये असेही बजावले आहे. वाळलेली, गार, ताठर बोटे या निषेधात तंतोतंत बसतात. रक्तपुरवठा तुटपुंजा असलेल्या बोटावर जळवेचा चावा लवकर भरत नाही, जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. पंचकर्मातले वमनही टाळावे: अन्ननलिका शिथिल असल्याने उलटीचा अंश श्वासनलिकेत जाऊ शकतो.

उपयोगी पडते ते बाह्योपचारात. कोमट तिळतेलाने दहा-पंधरा मिनिटे हलके अभ्यंग, त्यानंतर बोटे व तोंड उघडण्याचे व्यायाम. जखमेवर तेल नको. स्वेदनात (शेक देऊन घाम आणताना) उष्णता बेताची असावी, बोटांची संवेदना कमी असते. रेनॉडसाठी नुसते हातमोजे पुरत नाहीत. छाती-पोट गार पडले की बोटे आखडतात.

आधुनिक बाजूला रेनॉडवर पहिली गोळी बहुधा निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन. दोन्हींनी घोटे सुजतात आणि अन्ननलिकेची झडप आणखी सैल होऊन जळजळ वाढते. मग आम्ल कमी करणारी गोळी, पलंगाची डोक्याकडची बाजू 15-20 सेंटिमीटर उंच आणि झोपण्याआधी तीन तास काही न खाणे. मायग्रेन किंवा रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल, सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन असल्यास बोटे बिघडतात. चौकशी करताना हे हटकून राहते. बोटांच्या जखमा वारंवार होत असतील तर सिल्डेनाफिल, बोसेंटान किंवा शिरेतून आयलोप्रोस्ट. सिल्डेनाफिलसोबत नायट्रेट (छातीतल्या कळेवरचे औषध) कधीच नाही.

दोन्ही पॅथींची औषधे एकत्र चालू असताना खरा गुंता होतो. बोसेंटानवर दर महिन्याला यकृताची तपासणी करावी लागते. त्याच महिन्यात गुळवेल सुरू केली आणि रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढली, तर दोष कुणाचा ते कळत नाही. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण भारतात 2021 पासून नोंदले गेले. सरकारी पातळीवर तो निष्कर्ष फेटाळला गेला आणि वाद मिटलेला नाही. स्वप्रतिकार आजाराच्या रुग्णाने मात्र गुळवेल सुरू करताना सावध राहावे. गुग्गुळाने डिल्टियाझेमची (निफेडिपिनप्रमाणेच कॅल्शियम रोखणारे औषध) रक्तातली मात्रा घटल्याचे माणसांवरील प्रयोगात दिसले आहे, त्यामुळे कैशोर गुग्गुळ चालू असताना रेनॉडची गोळी कमी पडली तर आधी तिकडे पाहावे. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो. रसौषधींतला (पारायुक्त आयुर्वेदिक औषधांतला) पारा मूत्रपिंडावर जातो. वाढता रक्तदाब हीच या आजारात मूत्रपिंडाच्या संकटाची पहिली खूण, म्हणून या दोन्हींमुळे घोटाळा होतो. 1979 पासून कॅप्टोप्रिल वर्गातल्या औषधांनी या संकटातला मृत्यू बराच रोखला, पण ती वेळेवर सुरू झाली तरच. प्रेडनिसोलोन दिवसाला 15 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर धोका वाढतो, आणि सांधेदुखीच्या निनावी पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

इको (हृदयाची सोनोग्राफी), फुफ्फुसाची क्षमता आणि वायुवहन चाचणी (डीएलसीओ) दरवर्षी. क्षमता ठीक, पण डीएलसीओ तिच्यापेक्षा कितीतरी खाली, हे फुफ्फुसाच्या धमनीतला दाब वाढल्याचे लक्षण. 2022 मध्ये या दाबाच्या व्याख्येतला सरासरी आकडा 25 वरून 20 मि.मी. पाऱ्यावर आला. त्यामुळे जुन्या कॅथेटर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेल्या काही रुग्णांची फाइल पुन्हा उघडावी लागते.