स्पीकरच्या वायरीचा वाद नेमका कुठून आला

आमच्याकडे यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात वायर हा विषय कोणाला शिकवावा लागत नाही. बोअर खोल गेली, पेटीपासून मोटार लांब पडली की वायरमन सांगतो, भो आता जाड केबल टाक, नाहीतर मोटारीला व्होल्टेज पुरणार नाही, आणि तरीही कोणी पातळ टाकलीच तर तासाभरात केबलला हात लावून बघा, गरम लागते. म्हणजे तारेने फरक पडतो हे खरंच आहे, पण तो जाडीचा आणि लांबीचा फरक, मोजून दाखवता येणारा. हे आधीच सांगतोय कारण महागड्या स्पीकर केबलने आवाज सुधारतो या दाव्यावर शंका घेतली की लगेच विचारतात, तुम्हाला सगळ्या तारा सारख्याच वाटतात का. नाही वाटत. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर 10 मीटर ओढली तर जाऊन-येऊन साधारण पाव ओहम रेझिस्टन्स होतो, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळ आहे, आणि तेवढाही नको असेल तर अडीचची घ्या, विषय मिटला.

1970 च्या दशकापर्यंत अमेरिकेतसुद्धा लोक स्पीकरला टेबललॅम्पचीच साधी दुपदरी वायर जोडायचे, केबल ही वेगळी विकत घ्यायची वस्तू आहे असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या दशकाच्या शेवटी जाडजूड खास केबल्स बाजारात आल्या, नोएल ली या इंजिनिअरने मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली, आणि बघता बघता ॲम्प्लिफायरइतकीच केबलची पण चर्चा व्हायला लागली. शंका घेणारेही तेव्हापासूनच आहेत. 1983 मध्ये स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने अगदी पातळ 24 गेजची वायर (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार पातळ), साधी 16 गेजची आणि मॉन्स्टरची केबल अशा तिन्ही न दाखवता ऐकवल्या. पातळ वायर लोकांनी ओळखली, कारण तिच्यात आवाजाची पातळीच खाली यायची. पण 16 गेजची आणि मॉन्स्टरची, यांच्यात गाणं ऐकून खात्रीने फरक सांगता आला नाही. आमचा वायरमन वेगळं काय सांगतो?

न दाखवता तपासायची ही पद्धत मात्र ऑडिओवाल्यांची नाही, ती फार जुनी आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडते ती तिथलीच गोष्ट. 1784, पॅरिस. मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणायचा की माणसाच्या अंगातलं चुंबकत्व फिरवून रोग बरे होतात, लोक अक्षरशः झटके येऊन पडायचे, म्हणून राजाने चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेतलं एक झाड मेस्मरच्या शिष्याने मंतरून ठेवलं आणि 12 वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. पहिल्या झाडापासूनच त्याला घाम फुटला, पुढे डोकं दुखायला लागलं, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. मंतरलेलं झाड अजून लांबच होतं! तो मुलगा खोटं बोलत नव्हता हो, त्याला जे झालं ते खरोखर झालं, फक्त झाडामुळे झालं नाही. त्यानंतर 1799 मध्ये इंग्लंडातल्या बाथ गावी डॉक्टर हेगार्थ यांनी, दुखण्यावर फिरवायच्या पर्किन्सच्या महागड्या धातूच्या कांड्यांसारख्याच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करून पाच रोग्यांवर फिरवल्या, चौघांना आराम पडला.

ऑडिओत हेच 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी स्पीकर घेऊन दाखवलं. तेच स्पीकर, तेच ऐकणारे, पण समोर दिसत असताना दिलेले मार्क आणि पडद्याआड ठेवून दिलेले मार्क वेगळे, आणि ऐकायचा अनुभव असलेलेही त्यातून सुटले नाहीत. 2007 मध्ये चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी तर 7,250 डॉलरची केबल डोळे झाकून साध्या केबलपासून ओळखून दाखवा आणि 10 लाख डॉलर न्या असं जाहीर आव्हान दिलं, एक नावाजलेला समीक्षक तयारही झाला, पण केबल कंपनीने अंग काढून घेतलं आणि ती चाचणी राहूनच गेली. जळगावात आपण तोळाभर सोनं घेताना कस लावून घेतो, त्यात सराफाला राग येत नाही, मग केबलला कस लावायला कोणी सांगितलं तर कानांचा अपमान झाला असं का वाटावं हे मला खरंच कळत नाही.

मी स्वतः साडेचार हजारांची केबल घेतली होती, निळी, करंगळीएवढी जाड, आणि पहिल्याच दिवशी तबला मोकळा वाटला होता. नंतर एका रविवारी ताईला मागे बसवलं, दर वेळी ॲम्प बंद करून नाणं उडवून ती केबल बदलायची किंवा नुसतंच बदलल्यासारखं करायची, मी डोळ्यांवर रुमाल बांधून एकाच तबल्याच्या रेकॉर्डिंगचं तेवढंच अर्धं मिनिट ऐकायचो आणि ती कालनिर्णयच्या मागच्या पानावर टिपायची. 12 पैकी 6 बरोबर. रुमाल सोडला, निळी केबल लावलेली दिसली, तेच रेकॉर्डिंग परत लावलं, आणि कागद हातात असूनही तबला मला पुन्हा मोकळाच ऐकू आला.