मोरीतली बुडबुड आणि लेनिनग्राडची कुत्री

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात मोरीतून अधूनमधून बुडबुड आवाज येतो. वरच्या मजल्यावर कुणी बादलीभर पाणी ओतलं की येतो, बाकी काही नाही. पण तो कानावर पडला की आईचा हात जागीच थांबतो, तळव्यांना घाम सुटतो आणि नजर आधी जमिनीवरच्या धान्याच्या डब्यांकडे जाते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी आमच्या दारातून आलं नव्हतं, या मोरीतून आलं होतं. कृष्णा चढली की गटारं उलटी वाहतात, हे सांगलीकरांना ठाऊक आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

नातेवाईक म्हणतात, "फार मनाला लावून घेतलंय." मला ते अजिबात पटत नाही. हा आईच्या शरीराने गिरवलेला धडा आहे आणि तो तिने मुद्दाम गिरवलेला नाही.

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्या प्रयोगांत त्यांना दिसलं, की अन्न तोंडात पडण्याआधीच, खाऊ घालणाऱ्याची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटते. मग त्यांनी मेट्रोनोमची, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राची टिकटिक आणि अन्न यांची पुन्हा पुन्हा सांगड घातली. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीने लाळ गळू लागली. याला अभिजात अभिसंधान म्हणतात. भडंगाची पुडी फोडल्याचा आवाज आला की आपल्या तोंडाला पाणी सुटतं, तेही हेच.

पुढची गोष्ट मात्र सांगलीत प्रत्येकाला माहीत असायला हवी. 23 सप्टेंबर 1924 रोजी लेनिनग्राडला (आजच्या सेंट पीटर्सबर्गला) नेवा नदीचा पूर आला. पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली, त्यांना पोहवत बाहेर काढावं लागलं. पूर ओसरल्यावर दिसलं, की काही कुत्री शिकलेलं सगळं विसरली आहेत. त्यातल्या एका कुत्र्याची घडी सावकाश बसत आली. मग संशोधकांनी दाराखालून पाण्याची एक बारीक धार खोलीत सोडली. कुत्रं बिथरलं आणि परत मिळवलेलं सारं पुन्हा गेलं. दाराखालची ती धार आणि आमची मोरी यांत मला तरी फरक दिसत नाही.

हे इतक्या झटपट होतं, कारण मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाला आवाजाची वर्दी एका आखूड वाटेने, विचार करणाऱ्या भागाच्याही आधी मिळते. 'वरच्यांनी बादली ओतली असेल' हे आईला सुचेपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते.

मग ती रोज कृष्णेच्या घाटावर निवांत कशी जाते? नदी तिने लहानपणापासून शांत बघितली आहे. ओळखीच्या, निरुपद्रवी गोष्टीशी भीती सहजी चिकटत नाही. लुबो आणि मूर या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये शेळ्यामेंढ्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. मोरीतून पाणी उलटं येताना मात्र आईने आधी कधीच पाहिलं नव्हतं. तिथे एकच रात्र पुरली.

ही सांगड सैल करता येते. खूण येत राहिली आणि संकट आलं नाही, तर प्रतिक्रिया ओसरते. पण जुना धडा पुसला जात नाही, त्याच्यावर नवा बसतो. म्हणूनच मध्ये काही काळ गेला की भीती डोकं वर काढते, हे पावलॉव्ह यांनीही नोंदवलं होतं. शिवाय नवा धडा ज्या जागी, ज्या परिस्थितीत शिकला तिथेच जास्त टिकतो. उन्हाळ्यात मोरीजवळ निर्धास्त उभं राहणं आईला जमतं, पण आषाढातल्या पावसात ते उपयोगी पडेलच असं नाही. ज्यांची झोपच उडाली आहे, त्यांनी हे एकट्याने करू नये, मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

आईने यंदा पावसातच सुरुवात केली. बाहेर सर कोसळत असते, पुलावरची पातळी खाली असल्याची खात्री तिने करून घेतलेली असते. मग ती तांब्याभर पाणी स्वतःच्या हाताने मोरीत ओतते आणि बुडबुड थांबेपर्यंत तिथेच उभी राहते.